कव्हर उलटं करून बघा

मामा गेल्यावर मामीने त्याच्या सगळ्या रेकॉर्ड्स माझ्याकडे पाठवून दिल्या, तीन मोठी खोकी, वर जुनी चादर बांधलेली. घरात मुलांना त्यातलं काही नको होतं आणि भंगारवाल्याला द्यायला मामीचा जीव होईना. माझ्याकडे तेव्हा प्लेअर नव्हता, म्हणजे पहिले सात-आठ महिने मी त्या रेकॉर्ड्स ऐकल्याच नाहीत, नुसती कव्हरं बघितली. रात्री जेवण झालं की चार-पाच काढायच्या, सुक्या फडक्याने पुसायच्या, मागचं वाचायचं आणि परत ठेवायच्या. माझा धंदा खोक्यांचा, मिठाईचे डबे, औषधांची खोकी, साड्यांचे बॉक्स, छापायचं, पंचिंग करायचं, घडी घालून चिकटवायचं, त्यामुळे कुठलंही पाकीट हातात आलं की माझा हात आपोआप ते उलटं करतो आणि आधी जोड कुठे आलाय ते बघतो. चित्र त्यानंतर.

असं उलट्या बाजूने बघत गेलो आणि मला या सगळ्या प्रकाराचा इतिहासच जरा वेगळा दिसायला लागला. कव्हर डिझाइनबद्दल जे वाचायला मिळतं त्यात कलाकार असतात, फोटोग्राफर असतात, साठचं दशक, तरुणांचं बंड वगैरे सगळं असतं आणि ते खरंच आहे, पण बहुतेक मोठ्या उड्यांच्या अलीकडे-पलीकडे मला कागद, गोंद, शाई नाहीतर ट्रान्सपोर्टची एखादी अडचण दिसते आणि ती सोडवता सोडवता चित्र बदलत गेलेलं दिसतं. म्हणून आज त्याबद्दल लिहितोय, लांबेल, पण लिहायचंच होतं कधीपासून.

मामाच्या खोक्यात सगळ्यात तळाला ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकड्या होत्या, त्याही त्याच्या वडिलांच्या. त्यांना कव्हर असं नाहीच, खाकी कागदाची पिशवी, मधे गोल भोक, त्या भोकातून लेबल वाचायचं म्हणजे आत कोण गातंय ते कळतं, आणि पिशवीवर कंपनीची नाहीतर दुकानदाराची जाहिरात. गायकाचा फोटो नाही की काही नाही. जगभर असंच होतं. त्या तबकड्या लाखेच्या, आणि ती लाख मुख्यतः आपल्याच देशातून जायची बरं का, तीच बांगड्यांची लाख. जड, ठिसूळ, आणि एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावणार. म्हणजे एखादी सिंफनी ऐकायची तर पाच-सहा तबकड्यांचा ढीग. मग तो ढीग एकत्र ठेवायला बाइंडरने जाड पुठ्ठ्याची वही करायची, आत पानांच्या जागी कागदी पिशव्या, कुटुंबाचे फोटो लावायची वही असते ना अगदी तशी, म्हणून त्याला अल्बम म्हणायला लागले. आज फोनवर दहा गाण्यांना आपण अल्बम म्हणतो तो शब्द बाइंडरच्या टेबलावरून आलाय, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

या वह्या दिसायला कशा, तर करड्या, तपकिरी, हिरव्या, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात नाव आणि झालं. दुकानात पुस्तकासारख्या उभ्या लावायच्या, फक्त कणा दिसणार. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला एक बाविशीतला पोरगा, ॲलेक्स स्टाइनवाइस, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत पहिला आर्ट डायरेक्टर म्हणून लागला आणि त्याला या वह्या बघून थडगी आठवायची, तो त्यांना तसंच म्हणायचा. आत इतकं सुंदर संगीत आणि बाहेर थडग्याचा दगड. त्याने कंपनीला सांगितलं की मला वरती चित्र करू द्या. चित्र छापायचं म्हणजे खर्च वाढणार, तरी कंपनीने करून बघ म्हणून सांगितलं, आणि १९४० मध्ये रॉजर्स आणि हार्ट या जोडीच्या गाण्यांच्या अल्बमवर पहिलं चित्राचं कव्हर आलं. त्यासाठी त्याने काय केलं तर न्यूयॉर्कच्या इंपीरियल थिएटरच्या मालकाला पटवून दिव्यांच्या पाटीवरची अक्षरं एका रात्रीपुरती बदलून घेतली, अल्बमचं नाव लावलं, आणि फोटो काढला. आज कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत होईल ते काम त्याने खरोखरच्या थिएटरवर केलं. त्या फोटोभोवती गोल गोल रेघा, रेकॉर्डच्या खाचांसारख्या.

आणि अल्बम खपायला लागले. तीच रेकॉर्डिंग्ज, नुसतं कव्हर बदललं आणि विक्री वाढली. माझ्याकडे मिठाईवाले येतात तेव्हा मी त्यांना हेच सांगत असतो की अहो डबा जरा नीट करा, पेढा तोच राहू दे.

पण स्टाइनवाइसचं मला त्याच्या चित्रांपेक्षाही जास्त आवडतं ते पुढचं काम. १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी आणली, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, तबकडी आता लाखेची राहिली नाही, व्हिनाइलची झाली. खाचा अगदी बारीक आणि मटेरियल मऊ. सुरुवातीला ती त्याच जुन्या जाड खाकी कागदात घातली तर एकावर एक रचून ठेवल्यावर कागदाच्या घड्यांचे वळ तबकडीवर उठायला लागले. झालं, नवीन माल आणि पॅकिंगमुळेच खराब. मग याने पातळ पुठ्ठ्याचं पाकीट तयार केलं, वरून छापील कागद चढवलेला, कडा दुमडून चिकटवलेल्या, एका बाजूने उघडं. ते बनवायला कोणी तयार होईना कारण त्यासाठी वेगळी मशिनरी लागणार, शेवटी त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीतून एक कारखानदार मिळाला. पेटंट स्टाइनवाइसच्या नावावर झालं पण कंपनीशी करारच असा होता की त्याचे हक्क कंपनीला. म्हणजे पुढची चाळीसएक वर्षं जगातल्या घराघरात जे चौकोनी पाकीट गेलं त्यातून याला काही मिळालं नाही. मला याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, कारण चित्र काढणारे खूप असतात पण डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा-दुमडायचा साचा, सुचणं ही फार वेगळी बुद्धी आहे, आमच्या लाइनमध्ये ज्याला ती असते त्याला सगळे धरून असतात.

तर या पाकिटामुळे काय झालं, की ३१ सेंटिमीटर बाय ३१ सेंटिमीटरचा सपाट चौकोन मिळाला, जो दुकानात समोरून दिसतो. कण्यावरचं नाव वाचायला मान वाकडी करायची गरज संपली. इथून पुढचं सगळं त्या चौकोनात घडलंय.

माझा सगळ्यात आवडता काळ म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्लू नोट कंपनीची १९५६ ते १९६७ ची कव्हरं. मामाकडे त्यातलं एकही नव्हतं, जॅझ त्याला कळायचं नाही म्हणायचा, ही मी नंतर पुस्तकात बघितली आणि मग वेड लागलं. कंपनी छोटी, दोन जर्मन मित्र, हिटलरच्या जर्मनीतून आलेले, आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ. वुल्फ रेकॉर्डिंग चालू असताना स्टुडिओत फोटो काढायचा, काळेपांढरे, अंधारातून एक चेहरा, घाम, सिगरेटचा धूर. आणि डिझाइन करणारा रीड माइल्स, ज्याला जॅझमध्ये फारसा रस नव्हता, तो क्लासिकल ऐकणारा माणूस, कंपनीकडून मिळालेल्या रेकॉर्ड्स देऊन क्लासिकलच्या घेऊन यायचा असं सांगतात. बजेट कमी. बऱ्याच कव्हरांना काळा आणि वर एखादा रंग, बस.

आता हे ज्याने छापखाना चालवलाय त्यालाच नीट कळेल. दोन कलर म्हणजे दोन प्लेट, दोनदा शाई. फोर कलरमध्ये चुका लपतात, दोन कलरमध्ये काही लपत नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणतं दोन कलरमध्ये करा, स्वस्तात, तेव्हा आपण तोंड पाडून काहीतरी बॉर्डर-बिर्डर टाकून देतो, मीही वर्षानुवर्षं तेच केलंय. आणि हा माणूस त्याच दोन कलरमध्ये काय करतो बघा. फ्रेडी हबर्डचं हब-टोन्स नावाचं कव्हर आहे, पांढऱ्यावर काळे उभे पट्टे, पियानोच्या पट्ट्यांसारखे, त्यातला एकच पट्टा खाली घसरलेला आणि त्यात लाल रंगात हबर्डचा छोटासा फोटो. संपलं. पण बघताना कानात सूर वाजतो, कोणीतरी ती एक पट्टी आत्ता दाबलीय असं वाटतं. जॅकी मॅक्लीनच्या इट्स टाइमवर तर जवळजवळ सगळं कव्हर उद्गारचिन्हांनी भरलंय, ओळींवर ओळी, आणि कोपऱ्यात चिमुकला फोटो. वुल्फचे फोटो तो कसेही कापायचा, कपाळ उडव, कान उडव, त्यावरून वुल्फ नाराज व्हायचा म्हणे, आणि मला वुल्फचं पटतं पण कव्हर बघितलं की माइल्सचंही पटतं. अशी जवळजवळ पाचशे कव्हरं केली त्याने. आमच्या छापखान्यात ऑफसेटच्या मशीनजवळ मी हब-टोन्सची एक प्रिंट लावलीय, नवीन मुलगा कामाला आला की त्याला पहिल्या दिवशी तिथे उभं करतो आणि विचारतो यात किती प्लेट असतील सांग.

मग १९६७ चं ते बीटल्सचं प्रसिद्ध कव्हर, सार्जंट पेपर्स. हे मात्र मामाकडे होतं, त्याचा एक मित्र जहाजावर होता त्याने लंडनहून आणलेलं. त्याबद्दल जगात इतकं लिहिलंय की मी परत सांगत बसत नाही, पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या जोडप्याने माणसांच्या आकाराचे पुठ्ठ्याचे फोटो कापून गर्दी उभी केली, मायकेल कूपरने फोटो काढला, आणि इतर कव्हरांना पन्नासेक पौंड लागायचे तिथे याला तीन हजारांच्या आसपास खर्च आला. उघडलं की आत दुसरं पान, मागे सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले, आतली कागदी पिशवीसुद्धा गुलाबी-लाल नक्षीची, आणि कापून लावायला मिशा आणि बिल्ल्यांचा कागद वेगळा. मामाच्या प्रतीत तो कागद अजून आहे, न कापलेला. मला लहानपणी तो कापायचा होता आणि मामा कधी ओरडायचा नाही तो तेव्हा ओरडला होता.

आपल्याशी याचा संबंध असा की त्या गर्दीत बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने आपले चार योगी घालायला लावले, परमहंस योगानंद, त्यांचे गुरू श्रीयुक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजी. खाली समोर फुलांच्या वाफ्यात लक्ष्मीची छोटी मूर्ती आहे, चार हातांची, शोधून बघा, आमच्या आईला मी दाखवली तर तिने नमस्कार केला कव्हरला. आणि गांधीजीसुद्धा होते. त्यांचा पुठ्ठा कापून उभा केलेला होता, फोटोही निघाला, पण बीटल्सच्या रेकॉर्ड्स काढणाऱ्या ईएमआय कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड म्हणाले हे भारतात चालणार नाही, लोकांना अपमान वाटेल, आपली तिकडची विक्री जाईल. कलकत्त्याजवळ दमदमला त्यांच्या कंपनीचा मोठा कारखाना होता, १९२८ पासून. मग गांधीजींच्या जागी ताडाच्या झाडाचं पान रंगवलं गेलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या कव्हरवर एक माणूस नाही, आणि तो का नाही तर आपल्या इथल्या बाजाराचा विचार करून. लॉकवुडचं चुकलं का? मला नाही वाटत. सिनेनट्यांच्या आणि बॉक्सरच्या गर्दीत एका कोपऱ्यात उभे गांधीजी इथल्या दुकानात बघून लोक चिडले असते असंच मला वाटतं, आणि मामाच्या वडिलांनी, जे बेचाळीसमध्ये तुरुंगात होते, ते कव्हर घरात ठेवू दिलं नसतं हे नक्की.

त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकन गिटारवाला जिमी हेंड्रिक्स याचं ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह आलं. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अक्षरशः हसलो आनंदाने, कारण ते आपलं विश्वरूपदर्शनाचं कॅलेंडर आहे. किराणा दुकानात गादीच्या मागे लावलेलं असतं ना, मधे विराट पुरुष, दोन्ही बाजूंना तोंडांच्या रांगा, वर नागाचा फणा. तसलंच छापील देवाचं चित्र घेऊन त्यात हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे रंगवलेत, रंगवणारा रॉजर लॉ. हेंड्रिक्सला ते फारसं पटलं नव्हतं, त्याच्या घराण्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं रक्त होतं, इंडियन म्हणजे ते इंडियन त्याच्या मनात, आणि लंडनवाल्यांनी हे इंडियन केलं. मला त्याची बाजू समजते. पण छापखानेवाला म्हणून एक वेगळीच गोष्ट मनात येते, की देवांची अशी रंगीत छापील चित्रं घरोघरी पोचवण्याचं काम ज्यांनी सुरुवातीला केलं त्यात राजा रविवर्म्याचा छापखाना होता, आधी मुंबईला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला. पुण्याहून मुंबईला जाताना मळवली स्टेशन गेलं की मला दरवेळी हेंड्रिक्सचं कव्हर आठवतं. कुठून कुठे गेलं ते चित्र.

साठच्या शेवटी आणि सत्तरीत मग पैसा आला आणि पाकिटाशी खेळ सुरू झाला. १९६८ ला बीटल्सनीच सगळा रंग पुसून पांढरंशुभ्र कव्हर काढलं, रिचर्ड हॅमिल्टन नावाच्या चित्रकाराने, वर नाव न छापता नुसतं उठवलेलं, आणि सुरुवातीच्या प्रत्येक प्रतीवर नंबर, जणू लाखो प्रतींची मर्यादित आवृत्ती. १९७१ ला रोलिंग स्टोन्सच्या स्टिकी फिंगर्सवर खरीखुरी चेन लावली, जीन्सची. कल्पना अँडी वॉरहॉलची, पण ती बनवायची डोकेदुखी क्रेग ब्राउन या माणसाची. आता मला सांगा, पुठ्ठ्यावर धातूची चेन, आणि असे गठ्ठे एकावर एक रचून ट्रकमध्ये, तर काय होणार? चेनचा पुल्लर वरच्या रेकॉर्डमध्ये रुतला आणि गाणं खराब झालं, माल परत यायला लागला. यावर त्याने तोडगा काढला तो मी माझ्या पोरांना नेहमी सांगतो, की पाठवण्याआधी प्रत्येक चेन मधोमध उघडून ठेवायची. मग पुल्लर रुतला तरी तो मधल्या लेबलवर रुततो, खाचांवर नाही. एवढंच. त्यासाठी बायका-माणसं बसवून हजारो चेनी हाताने ओढल्या असतील, त्यांचं नाव कुठे नाही.

हिप्नोसिस या कव्हर डिझाइन करणाऱ्या कंपनीच्या स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्रे पॉवेलबद्दल सगळ्यांना माहितीय, पिंक फ्लॉइड या बँडचा तो १९७३ चा त्रिकोणी लोलक टी-शर्टवर रोज दिसतो. मला त्याच बँडचं १९७५ चं विश यू वेअर हिअर जास्त भिडतं, दोन माणसं हात मिळवतायत आणि त्यातला एक पेटलेला आहे. तो खरंच पेटवला होता, रॉनी रॉन्डेल नावाचा स्टंटमन, सुटाच्या आत आगीपासून वाचवणारे कपडे, वाऱ्याने ज्वाळा तोंडावर आल्या आणि त्याची मिशी जळली. एवढं करून ते कव्हर काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकलं, बाहेरून चित्र दिसायचंच नाही. अल्बमचा विषय माणसाचं नसणं, म्हणून चित्रही नसल्यासारखं. विक्रीवाल्यांना काय वाटलं असेल.

आणि पंचिंगवाल्यासाठी परमोच्च म्हणजे पीटर सॅव्हिलचं १९८३ चं ब्लू मंडे, मँचेस्टरच्या फॅक्टरी कंपनीसाठी, बँड न्यू ऑर्डर. संगणकाच्या फ्लॉपीसारखं काळं कव्हर, फ्लॉपीला असतात तशी भोकं पाडलेली, त्यातून आतला रुपेरी कागद दिसतो, कुठेही नाव नाही, कडेला रंगांचे ठोकळे आणि त्या ठोकळ्यांच्या सांकेतिक भाषेत नाव लिहिलेलं. डाय मारणं, रुपेरी कागद, इतकं महाग पडलं की सुरुवातीच्या प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा व्हायचा असं सांगतात, आणि गाणं तुफान चाललं, म्हणजे तोटाही तुफान. मी त्याचं कॉस्टिंग एकदा रविवारी बसून माझ्या दराने काढून बघितलं आणि मला घाम फुटला, पण कोणी ऑर्डर दिली तर मी आजही बिनफायद्याने करून देईन.

त्यानंतर आकारच लहान झाला. आमच्या वडिलांच्या वेळी आम्ही कॅसेटच्या आतलं ते घडीचं कार्ड छापायचो, इनले म्हणायचे, भजनं, लावण्या, आरत्या, गणपतीच्या आधी तर रात्रपाळी लागायची. त्यावर बोटभर जागेत गायकाचा फोटो, देवाचा फोटो, कंपनीचा शिक्का आणि बारा गाण्यांची नावं बसवायची, अक्षर इतकं बारीक की प्लेटवर भरून यायचं. १९८२ पासून सीडी आली, तिच्या पुस्तिकेचं पान १२ सेंटिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ एलपीच्या सहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. सीडीवरची जुनी कव्हरं बघा, सगळ्या गर्दीतले चेहरे मुंग्यांसारखे. लक्ष्मी तर सापडतच नाही.

गेल्या दिवाळीत मी शेवटी प्लेअर घेतला. पण संध्याकाळचं जुनं काम चालूच आहे, कारण मामाच्या बऱ्याच कव्हरांचे मागचे कान सुटलेत. कान म्हणजे पुढचा छापील कागद मागच्या बाजूला दुमडून ज्या तीन पट्ट्या चिकटवायचे त्या, इंग्लंडमध्ये ही पद्धत होती आणि मामाच्या दमदमच्या प्रतींवरही तेच आहे. पन्नास-साठ पावसाळे झाल्यावर गोंद वाळून भुगा होतो. कोणीतरी, बहुतेक मामानेच, काहींना सेलोटेप लावलाय, तो पिवळा पडून कागदात उतरलाय, तो काढायला हेअर ड्रायरने हळूहळू गरम करावा लागतो. फेव्हिकॉल मी वापरत नाही, तो कडक होतो आणि परत कधी उघडायचं झालं तर कागद फाटतो. मैद्याची खळ करतो, थोडं मोरचूद घालून म्हणजे कसर लागत नाही, आमच्याकडे एक बाइंडरकाका होते त्यांनी शिकवलेली. खळ अगदी पातळ लावायची, वर मेणकागद, त्यावर सपाट फळी आणि फळीवर दोन विटा, रात्रभर.

काल एका किशोरी आमोणकरांच्या एलपीचा कान उघडला तर आतल्या बाजूला, जिथे कधीच कोणी बघणार नाही तिथे, पेन्सिलीने बांगला आकडे लिहिलेले होते आणि चार उभ्या रेघा आणि एक आडवी असे पाच-पाचचे गठ्ठे मोजलेले. दमदमला कोणीतरी दिवसभरात किती पाकिटं चिकटवली त्याचा हिशेब ठेवत होता. मी त्याचा फोटो काढून घेतला आणि त्या भागाला खळ न लावता फक्त दोन्ही टोकं चिकटवली.